ब्लाइथबराचं होली ट्रिनिटी चर्च: दुर्बीण न्या, काळा कुत्रा विसरा

इंग्लंडच्या पूर्वेकडच्या ईस्ट अँग्लियात एकच मध्ययुगीन पॅरिश चर्च, म्हणजे गावकऱ्यांचं चर्च, बघण्याइतका वेळ हाताशी असेल, तर सफक काउंटीतलं ब्लाइथबराचं होली ट्रिनिटी बघावं. लाव्हेनम आणि लाँग मेलफर्डची चर्चं जास्त नेटकी आहेत, फोटोतही जास्त उठून दिसतात. पण पंधराव्या शतकातली इंग्लिश इमारत उभी कशी राहिली, खराब कशी होत गेली आणि शेवटी वाचली कशामुळे, हे सगळं एकाच छपराखाली इतकं उघड दिसतं ते इथेच. पाचपैकी साडेचार गुण. अर्धा कापलाय मनोऱ्यासाठी, त्याबद्दल पुढे.

आधी व्यवहाराचं. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटहून इप्सविच, तिथे गाडी बदलून ईस्ट सफक लाइनवरचं डार्शम किंवा हेल्सवर्थ. दोन्ही स्टेशनं चर्चपासून काही मैलांवर आहेत, आणि ती लहान आहेत, तेव्हा टॅक्सी आधीच सांगून ठेवा. स्वतःची गाडी असेल तर प्रश्नच नाही, ए-१२ गावाला खेटून जातो. तिकीट नाही, देणगी द्यायची. चर्च चालू वापरातलं आहे, त्यामुळे रविवारची प्रार्थना, लग्न, अंत्यविधी, मैफली यांच्या वेळा वेबसाइटवर बघूनच निघा. अशा वेळी माना वर करून फिरणारे पाहुणे कोणालाच नको असतात.

दिवस उन्हाचा निवडा आणि दुपारच्या आत पोहोचा. हिवाळ्यात साडेतीननंतर छप्पर नुसतं काळं दिसतं, आणि इथलं निम्मं वैभव छपरात आहे. ८×४२ची दुर्बीण असेल तर उत्तम. नसेल तर हातातला साधा आरसा आडवा धरून त्यात छप्पर बघायचं, मान दुखत नाही. शिवाय छोटा टॉर्च हवा. बाकांवरच्या कोरीवकामावर तो समोरून मारला तर सगळं सपाट दिसतं. बाजूने, लाकडाला जवळजवळ समांतर धरला की चेहऱ्यांवरचे भाव उठून येतात. दोन तास धरून चला. अर्ध्या तासात आटपणारी माणसं देवदूतांचे चार फोटो घेऊन परततात, आणि ते फोटोही हललेले असतात.

ओल्ड गोव्याची चर्चं पाहून इथे येणाऱ्यांनी डोळ्यांची एक सवय बाजूला ठेवावी. तिथे आत पाऊल टाकलं की नजर सरळ समोरच्या सोनेरी वेदीकडे जाते, सगळी रचनाच त्यासाठी असते. ब्लाइथबराला वेदीपाशी फारसं काही नाही. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत, म्हणजे इंग्लंड पोपपासून फुटून प्रॉटेस्टंट झालं तेव्हा, दगडी वेद्या, मूर्ती, भिंतींवरची चित्रं गेली. उरलंसुरलं सतराव्या शतकात गेलं. इथे बघायची ती इमारतच: प्रकाश, खांब, लाकूड, आणि बाहेरून दगडकाम.

सुरुवात बाहेरून करा, तीही पश्चिमेच्या मनोऱ्यापासून. तो चौदाव्या शतकातला आहे, म्हणजे बाकीच्या चर्चपेक्षा जुना. १४१२मध्ये ब्लाइथबराच्या मठाला चर्च नव्याने बांधायची राजाची परवानगी मिळाली आणि पुढच्या काही दशकांत मनोरा सोडून सगळं पाडून नवं उभं केलं. मनोऱ्याची पाळी काही आली नाही. परिणाम असा की सुमारे ३९ मीटर लांबीची, खिडक्याच खिडक्या असलेली झुळझुळीत इमारत आणि तिच्या टोकाला एक ठोकळेबाज, बऱ्यापैकी साधा मनोरा. त्यावर पूर्वी निमुळता लाकडी शेंडा होता, तो १५७७च्या वादळात कोसळला आणि परत कधी चढवला नाही. शेंडा असताना प्रमाण कदाचित बरं वाटत असेल. आज वाटत नाही.

एवढ्याशा गावात एवढं मोठं चर्च कसं, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. त्या काळी ब्लाइथ नदीतून बोटी इथवर येत, बाजार भरे, ऑगस्टिनियन मठ होता, आणि जमीनदार घराणी पैसेवाली होती. मेल्यावर आत्म्याला शुद्धिस्थानात कमी दिवस काढावे लागावेत म्हणून मृत्युपत्रात चर्चच्या बांधकामासाठी रक्कम ठेवायची रीत होती. शिवाय शेजारच्या साउथवोल्ड, वॉल्बर्सविक, कोव्हहाइथ या गावांमध्येही त्याच शतकात मोठी चर्चं उठत होती, त्यामुळे ईर्ष्याही होतीच. मग १५३७मध्ये मठ बंद झाला, नदी गाळाने भरत गेली, व्यापार ओसरला. चर्च मात्र तेवढंच राहिलं, आणि डागडुजीला पैसा नाही. पुढची साडेतीनशे वर्षं या एका ओळीत आली.

आता भिंतीजवळ जा. सफकमध्ये बांधकामाचा चांगला दगड जवळपास निघतच नाही. निघतो तो फ्लिंट, म्हणजे चकमकीचा दगड: खडूच्या थरांत सापडणारे, वेडेवाकडे, काचेसारखे कडक गोळे. सह्याद्रीतल्या गवंड्याला काळ्या पाषाणाचा चौकोनी चिरा घडवता येतो. फ्लिंटचा चिरा होत नाही, तो टवका उडून फुटतो. म्हणून कोपरे, खिडक्यांच्या चौकटी, खांब यांसाठी चुनखडीचा घडीव दगड लांबून पाण्याच्या वाटेने आणावा लागे. फ्लिंट पाणी अजिबात पीत नाही, त्यामुळे चुना त्याला घट्ट पकडत नाही आणि सुकायलाही फार वेळ लागतो. अशी भिंत म्हणजे चिक्की आहे: शेंगदाणे फ्लिंटचे, गूळ चुन्याचा. गूळ आळायच्या आत वर थर चढवले तर खालची भिंत पोट काढते. म्हणून काम थोडं थोडं वर न्यायचं, आणि फक्त उन्हाळ्यात. ताजा चुना गोठला की त्याचा भुगा होतो.

याचा लेखी पुरावाही शेजारीच आहे. १४२६मध्ये वॉल्बर्सविकच्या चर्चचा मनोरा बांधायचा करार झाला. त्यातल्या दोन गवंड्यांपैकी एक, रिचर्ड रसेल, डनिचचा आणि दुसरा, अ‍ॅडम पाउल, ब्लाइथबराचा. काम मार्चअखेरीच्या सणापासून सप्टेंबरअखेरीच्या सणापर्यंतच करायचं, मोबदला उंचीच्या प्रत्येक यार्डामागे ४० शिलिंग, त्यावर दरसाल हेरिंग माशांचं एक पिंप आणि प्रत्येकाला एकदा पोशाख. हिवाळ्याची सुट्टी कराराच्या कलमातच घातली होती, ती चुन्यासाठी.

या अडचणीच्या दगडातूनच ईस्ट अँग्लियाने स्वतःची कला काढली, ती म्हणजे फ्लशवर्क. फ्लिंट फोडला की आतून काळाभोर, चकचकीत पृष्ठभाग मिळतो. पांढरट चुनखडीच्या पातळ फरशीत हव्या त्या आकाराच्या खाचा कोरायच्या, त्यात फोडलेले फ्लिंट चुन्यात बसवायचे, आणि दोन्हींची दर्शनी बाजू अगदी एका पातळीत आणायची. पांढऱ्यावर काळं नक्षीकाम तयार. ब्लाइथबराच्या पूर्व भिंतीच्या तळाशी याच पद्धतीने काढलेल्या मुकुटधारी अक्षरांची रांग आहे. ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरं मानतात. येशू, पवित्र त्रिमूर्ती, मेरी आणि अ‍ॅन यांच्या सन्मानार्थ चर्च पुन्हा बांधलं, असा त्याचा अर्थ लावतात. बहुतेक लोक दक्षिणेच्या पोर्चमधून आत शिरतात आणि तसेच बाहेर पडतात, पूर्वेकडे वळतच नाहीत. तेवढी चाळीस पावलं चाला.

फ्लशवर्क बिघडतं कसं तेही जवळून बघण्यासारखं आहे. पाणी फ्लिंटमधून जात नाही, ते चुन्याच्या सांध्यांतून आत जातं आणि मागे साठतं. थंडीत गोठून फुगतं आणि फ्लिंटचा एकेक तुकडा बाहेर ढकलतं. एक पडला की शेजारचे सैल होतात. विसाव्या शतकात अशा भिंतींचे सांधे ठिकठिकाणी सिमेंटने भरले गेले. सिमेंट चुन्यापेक्षा कडक आणि हवाबंद, त्यामुळे ओल बाहेर यायला सिमेंटमधून वाट मिळत नाही, ती शेजारच्या मऊ चुनखडीतून निघते आणि त्या दगडाचे पापुद्रे सुटतात. ईस्ट अँग्लियात कुठेही सांधा उंच आणि दगड आत झिजलेला दिसला तर हेच झालंय असं खुशाल समजा. दुरुस्ती चुन्यानेच करायला हवी, हे आता सगळे मान्य करतात. पण एकदा बसलेलं सिमेंट काढताना दगडाची कड तुटते, म्हणून पुष्कळ ठिकाणी ते तसंच ठेवावं लागतं.

दक्षिणेचा पोर्च दुमजली आहे. अशा पोर्चना आपण आज नुसता आडोसा समजतो, पण मध्ययुगात लग्नाचा पहिला भाग इथेच व्हायचा, करारमदार व्हायचे, बाप्तिस्म्याची सुरुवात इथूनच. वरच्या खोल्या कागदपत्रं, किमती वस्तू, कधी शाळा यांसाठी वापरत. दाराशी वर बघून घ्या आणि आत चला.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती प्रकाशाची. हा तो पर्पेंडिक्युलर म्हणून ओळखला जाणारा, खास इंग्लंडचा, साधारण चौदाव्या शतकाच्या मध्यापासून सोळाव्याच्या सुरुवातीपर्यंत चाललेला बांधकामाचा प्रकार. ओळखायची सोपी खूण खिडकीत आहे: दगडी उभे गज खालून निघून थेट कमानीपर्यंत सरळ चढतात. त्याआधीच्या शतकातल्या खिडक्यांत हेच गज वर जाऊन पानाफुलांसारखे वळतात. भिंती जमतील तेवढ्या पोकळ करून काच भरायची, खांब सडपातळ ठेवायचे, छप्पर जवळजवळ सपाट करून शिशाने मढवायचं आणि ते कठड्यामागे लपवायचं, असा हा सगळा बेत. मधल्या दालनाच्या भिंती बाजूच्या दालनांच्या छपरांवरून वर चढतात आणि तिथे खिडक्यांची ओळ येते, तिला क्लिअरस्टोरी म्हणतात. ब्लाइथबराला ती दोन्ही बाजूंना अठरा-अठरा खिडक्यांची आहे, इतकी दाटीवाटीने की मधली भिंत नावालाच उरते.

दुसरी गोष्ट उशिरा लक्षात येते: मध्ये अडथळाच नाही. जुन्या चर्चमध्ये लोकांचं दालन आणि पाद्र्यांचं चॅन्सेल यांच्यामध्ये मोठी कमान असते. इथे ती बांधलीच नाही. छप्पर पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत एकसंध, खणामागून खण सरळ जातं. विभागणी फक्त लाकडी जाळीच्या पडद्याने व्हायची. त्यावर माणूस चालू शकेल असा सज्जा, सज्जावर क्रुसावरचा येशू आणि दोन बाजूंना मेरी व योहान. मूर्ती आणि सज्जे सोळाव्या शतकात देशभर काढून टाकले. इथल्या पडद्याचा काही भाग जुना आहे, बराच नंतरचा. तो पडदा त्याच्या पूर्ण उंचीचा आणि रंगवलेला होता हे डोळ्यांसमोर आणल्याशिवाय ही इमारत कळत नाही. आज जी मोकळी, पांढरी, हवेशीर जागा सगळ्यांना आवडते, तशी ती बांधणाऱ्यांच्या मनात नव्हती. सगळं भडक रंगांत होतं, खिडक्यांतही रंगीत काच होती. काचेचे थोडे तुकडे खिडक्यांच्या माथ्याच्या नक्षीत उरलेत, दुर्बिणीने दिसतात.

आता छप्पर. नीट बाकावर टेका आणि दहा मिनिटं द्या. ओकच्या जाड तुळया, मध्यभागी किंचित उचललेल्या, म्हणजे वरच्या शिशाला जेमतेम उतार मिळतो. तुळयांच्या मध्यावर, पाठीला पाठ लावलेले देवदूत: एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. पसरलेले पंख, हातात ढाली. आज डझनभर उरलेत. वाशांवर पांढऱ्या जमिनीवर लाल आणि हिरव्या रंगातली फुलं आणि येशूच्या नावाची मुद्राक्षरं छापल्यासारखी रंगवलेली आहेत, आणि हा रंग बराचसा मूळचा, मध्ययुगीन आहे. इंग्लंडमध्ये एवढ्या मोठ्या छपरावर तो टिकणं विरळा. एकोणिसाव्या शतकात पैसेवाल्या गावांनी आपापली छपरं खरवडून, तेलपाणी करून तपकिरी करून टाकली. ब्लाइथबराकडे त्यासाठीही पैसे नव्हते.

देवदूतांची छपरं ही जवळपास ईस्ट अँग्लियाचीच मक्तेदारी. १३९०च्या दशकात वेस्टमिन्स्टर हॉलच्या छपरात देवदूत बसले आणि पुढच्या शतकात नॉरफक-सफक-केंब्रिजशरच्या सुतारांनी ती कल्पना उचलून धरली. केंब्रिजशरमधल्या मार्च गावी सेंट वेन्ड्रेडा चर्चमध्ये शंभरावर देवदूत आहेत, थव्याने. संख्या हवी असेल तर तिकडे जा. ब्लाइथबराचे मोजके आहेत, पण एकेकट्याचा चेहरा वाचता येतो. पंख बहुधा वेगळ्या फळ्यांचे करून अंगाला बसवायचे, म्हणून अशा छपरांतून आधी पंख निखळतात, मग हात, धड शेवटी. दुर्बिणीतून पंखांचे सांधे शोधा.

अशा छपराचा खरा शत्रू पाणी. शिसं उन्हात फुगतं, थंडीत आकसतं, वर्षानुवर्षं करत राहतं आणि उतारावर हळूहळू खाली सरकतं. शेवटी घडीवर चिरतं. कठड्यामागची पन्हळ पानांनी किंवा कावळ्यांच्या घरट्यांनी तुंबली की पाणी उलटं आत शिरतं, आणि ते नेमकं तुळईचं टोक भिंतीत जिथे टेकलंय तिथे. ओलं ओक बुरशीने मऊ होतं, मग डेथवॉच भुंगेरा येतो. त्याच्या अळ्या वर्षानुवर्षं आतून पोखरतात आणि बाहेर बारीक भोकांखेरीज काही दिसत नाही. तुळई मध्यावर मोडत नाही, टोकाला बसते. म्हणून जुन्या छपरांची पाहणी करणारे आधी टोकं ठोकून बघतात, मधली नक्षी नंतर. खाली उभं राहूनही भिंतीवर तुळयांच्या टोकांखाली ओलीचे डाग शोधता येतात.

इथे गोळ्यांची गोष्ट आलीच पाहिजे, कारण ती तुम्हाला कोणी ना कोणी सांगणारच. १६४४च्या ९ एप्रिलला विल्यम डाउझिंग हा मूर्तिभंजक संसदेचं फर्मान घेऊन इथे आला. त्याच्या रोजनिशीत नोंद आहे: वीस देवदूत उतरवायचे, दोनशेवर चित्रं आठ दिवसांत काढायची. देवदूतांमध्ये शिशाचे छर्रे सापडलेत, म्हणून त्याच्या माणसांनी गोळ्या झाडल्या असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. पण चर्चच्या हिशेबात १७६१ साली बंदुकीची दारू आणि छऱ्यांसाठी पैसे दिल्याची नोंद आहे, छपरात घरटी करणारे जॅकडॉ, म्हणजे तिथले छोटे कावळे, मारण्यासाठी. छर्रे पक्ष्यांसाठी झाडलेले, देवदूत मध्ये आले. डाउझिंगने हुकूम सोडला खरा. पण एवढ्या उंचीवर परांची बांधून वीस मूर्ती उतरवायला मजुरी पडते, आणि ती गावाच्या खिशातून. छपरातलं काम मागे पडलं असेल ते यामुळेच, असं मानायला जागा आहे. खाली हात पोहोचत होता तिथे मात्र तोडफोड झालेली दिसते.

उदाहरणार्थ बाप्तिस्म्याचं कुंड. अष्टकोनी, पंधराव्या शतकातलं, सात संस्कारांची दृश्यं कोरलेल्या प्रकारातलं मानतात. असे इंग्लंडभर चाळीसच्या आसपास आहेत आणि जवळजवळ सगळे नॉरफक-सफकमध्ये. इथलं कोरीवकाम छिन्नीने साफ उडवलंय. पाहण्याजोगं फारसं उरलं नाही, पुढे चला.

बाकांवर थांबा. टोकांवर हातभराहूनही लहान, पूर्ण गोल कोरलेल्या आकृत्या आहेत: काही पापांच्या, काही शेतीच्या कामांच्या. आळस अंथरुणात पांघरूण घेऊन बसलाय. लोभ पैशाच्या पेटीवर ठाण मांडून आहे. चहाडखोराची जीभ बाहेर लोंबते. दांभिकपणा हात जोडून प्रार्थना करतोय, डोळे मात्र टक्क उघडे. खादाडाने आपलं पोट दोन्ही हातांनी धरलंय. टॉर्च तिरपा धरून आळसाच्या पांघरुणाच्या घड्या बघा: सुताराने एका बाजूने खोल आणि दुसऱ्या बाजूने उथळ कापलंय, म्हणजे खिडकीच्या उजेडात सावली पडावी. हे गावातल्या लोकांना दर रविवारी कोपराखाली दिसत होतं. हात ठेवून ठेवून डोकी गुळगुळीत झालीत. तरीही हात लावू नका, घामाने लाकूड काळं पडतं.

चॅन्सेलच्या बाजूच्या आसनांवर पुढे ओळीने संतांच्या आकृत्या आहेत. ही आसनं मधल्या काळात उत्तरेच्या हॉप्टन चॅपेलमध्ये शाळेची बाकं म्हणून वापरली, त्यामुळे दौतींसाठी पाडलेली भोकं दिसतात. १६६५ साली डर्क नावाच्या मुलाने, आपण स्टॉकहोमचे हे ठासून सांगत, फळीवर नाव कोरून ठेवलंय. शेजारीच जॉन हॉप्टन या जमीनदाराचं, म्हणजे १४७८मध्ये वारलेल्या गृहस्थाचं, पर्बेक संगमरवराचं थडगं आहे. वरचे पितळी पत्रे केव्हाच चोरीला गेलेत, त्यांच्या खाचा राहिल्यात.

जॅक नावाचा लाकडी शिपाई चुकवू नका. १६८२चा, रंगवलेला, दाढीवाला. घड्याळाशी जोडलेला होता तेव्हा तास ठोकायचा. आता प्रार्थना सुरू होताना दोरी ओढून त्याच्याकडून घंटा वाजवतात. साउथवोल्डच्या चर्चमध्ये याचा जुना भाऊबंद आहे.

आणि तो कुत्रा. १५७७च्या ४ ऑगस्टला, रविवारी सकाळी प्रार्थना चालू असताना वीज पडली, मनोऱ्याचा शेंडा छप्पर फोडून आत आला, एक माणूस आणि एक मुलगा दगावले. त्याच दिवशी बंगे गावातही असंच झालं आणि तिथे काळा कुत्रा अवतरल्याचं छापून आलं. ब्लाइथबराच्या उत्तरेच्या दारावर उभे काळे डाग आहेत, ते त्या कुत्र्याच्या पंज्यांचे असं सांगतात. सगळ्यात जास्त गर्दी या दारापाशी असते. डागांकडे नीट बघितलं तर ते खाली रुंद आणि वर निमुळते, ज्योतीच्या आकाराचे आहेत. जळती मेणवात लाकडाजवळ तिरपी धरून काही मिनिटं ठेवली की असाच डाग उठतो, आणि इंग्लंडभर जुन्या दारांवर, तुळयांवर, चुलीच्या चौकटींवर असे डाग मुद्दाम पाडलेले सापडतात, बहुतेक वीज, आग, वाईट नजर यांपासून रक्षणासाठी. विजेने होरपळलेलं लाकूड चिरतं, असे सुबक थेंब पाडत नाही. पंज्यापेक्षा हेच जास्त कुतूहलाचं आहे, पण भेटवस्तूंवर कुत्राच विकला जातो.

१८८१मध्ये इमारत इतकी खिळखिळी झाली होती की बिशपने ती धोकादायक म्हणून बंद करवली. त्याआधीची वर्णनं खिडक्या विटांनी बुजवल्याची आणि पावसात लोक छत्र्या उघडून बसल्याची आहेत. दुरुस्तीला पैसा उभा राहू लागला तेव्हा विल्यम मॉरिसने १८७७मध्ये स्थापलेली जुन्या इमारतींच्या रक्षणाची संस्था मध्ये पडली. तिचं म्हणणं होतं की आहे ते सांभाळा, मध्ययुगीन दिसावं म्हणून नवं बनवू नका. भांडण वर्षानुवर्षं चाललं आणि काम हळूहळू, तुकड्यातुकड्याने झालं. आजची विटांची ओबडधोबड जमीन, उडालेला रंग, भिंतींचा पांढरा ओकाबोकेपणा हे त्या भांडणाचं फळ. संस्थेची हेकट भूमिका तेव्हा गावाला जाचली असणार, पण बरोबर तीच होती. शेजारच्या कितीतरी चर्चमध्ये त्याच वर्षांत बसवलेली चकचकीत फरशी आणि ठरावीक रंगीत काच पाहिली की पटतं.

मैफल असेल तर तिकीट काढा. १९६९च्या जूनमध्ये स्नेप गावातलं सभागृह जळलं तेव्हा ऑल्डबरा संगीत महोत्सवातला मोझार्टचा ऑपेरा ऐन वेळी इथे हलवला होता. लाकडी छप्पर आणि सडपातळ खांब यांमुळे आवाज कॅथीड्रलसारखा घुमत राहत नाही, शब्द कळतात. पण खांबामागची जागा घेऊ नका, आणि मे महिन्यातही स्वेटर न्या.

दिवस मोकळा असेल तर दोन ठिकाणं जोडा. वेनहॅस्टनचं सेंट पीटर गाडीने काही मिनिटांवर आहे. तिथे लाकडी फळ्यांवर रंगवलेलं अंतिम न्यायाचं चित्र आहे. पडद्यावरच्या कमानीत बसवायचं, नंतर चुन्याने पांढरं केलेलं. १८९२मध्ये दुरुस्तीत फळ्या टाकाऊ म्हणून बाहेर आवारात टाकल्या, रात्री पाऊस पडला, चुना धुऊन गेला आणि सकाळी चित्र दिसलं. दुसरं वॉल्बर्सविक. गवंड्यांच्या त्या कराराचा मनोरा तिथे उभा आहे, पण मागचं चर्च गावाला परवडेना म्हणून सतराव्या शतकाच्या शेवटी लोकांनी परवानगी काढून बहुतेक भाग उतरवला आणि एका बाजूच्या दालनात प्रार्थना सुरू ठेवली. छपराविना उभ्या राहिलेल्या कमानींमध्ये फ्लिंटच्या भिंतीचा आडवा छेद उघडा दिसतो: दोन बाजूंना निवडलेले दगड, मध्ये चुना आणि भरडा. आधी ब्लाइथबरा, मग हे, असाच क्रम ठेवा. वॉल्बर्सविकचं आवार वाऱ्याला उघडं आहे, आणि समुद्रावरून संध्याकाळी वारा जोरात येतो.